म्यूऑनच्या सरासरी आयुर्मानाची मोजणी: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१२ जून २०२५

प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण आतून गेला की प्रकाश देणाऱ्या प्लास्टिकचा) ठोकळा आज प्रयोगशाळेत आला. लांबी-रुंदी प्रत्येकी ३० सेंटिमीटर, जाडी १५ सेंटिमीटर आणि वजन जवळजवळ १४ किलो. काकांनी आणि मी मिळून तो दुसऱ्या मजल्यावर चढवला. काका आमच्या विभागात प्रयोगशाळा सहायक आहेत आणि या खोलीतील प्रत्येक सॉकेटचा इतिहास त्यांना ठाऊक आहे.

कामाचे स्वरूप एकदा स्वच्छ लिहून ठेवते. वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले की साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे पण त्याहून जड आणि अल्पायुषी कण, निर्माण होतात. समुद्रसपाटीला दर मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक म्यूऑन येतो, म्हणजे आमच्या ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठातून मिनिटाला सुमारे ९०० म्यूऑन जातील. बहुतेक आरपार निघून जातात आणि जाताना प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मागे ठेवतात. त्या ऊर्जेचा थोडा भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो. आम्हाला हवे आहेत ते मूठभर मंद म्यूऑन, जे ठोकळ्यातच थांबतात. थांबताना एक प्रकाशझोत, आणि काही काळाने म्यूऑनचा क्षय होऊन इलेक्ट्रॉन सुटला की दुसरा. या दोन झोतांमधील वेळेचे अंतर हजारो वेळा मोजायचे आणि त्यांच्या आलेखावरून सरासरी आयुर्मान काढायचे, एवढाच हा प्रयोग आहे.

प्रमाणित मूल्य २.१९७ मायक्रोसेकंद आहे. ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले आहे आणि ते पुसावे की नाही, यावर माझे आणि माझ्या सहकारीचे, आम्हा दोघींचे, आजच एकमत झाले नाही.

१९ जून २०२५

दोन दिवस फक्त आच्छादनात गेले. ठोकळ्याभोवती आधी ॲल्युमिनियमची पातळ फॉइल, तिच्यावर काळा कागद, त्यावर काळ्या चिकटपट्टीचे दोन थर. ठोकळ्यातील प्रकाशाचे विद्युत स्पंद करणारी फोटोमल्टिप्लायर नळी एकेक फोटॉन ओळखते, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढे छिद्रसुद्धा तिला सूर्योदयासारखे असते. खोलीत अंधार करून माझी सहकारी टॉर्च घेऊन ठोकळ्याच्या कडेकडेने फिरली आणि मी गणकाकडे पाहत राहिले. तीन कोपरे शांत होते. चौथ्या कोपऱ्यापाशी टॉर्च आली तशी मोजणी सेकंदाला काही हजारांवर गेली. तेथे पट्टीला एक बारीक सुरकुती पडली होती, वरून बोट फिरवल्यावरच जाणवणारी. पट्टी काढून नव्याने लावली, तेव्हा टॉर्च फिरवूनही गणक हलला नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोग दाखवताना एक गोंधळ वारंवार होतो, म्हणून इथे नोंदवते: सरासरी आयुर्मान म्हणजे अर्धायुष्य नव्हे. २.१९७ मायक्रोसेकंद हे सरासरी आयुर्मान आहे. अर्धे म्यूऑन संपायला १.५२ मायक्रोसेकंदच लागतात.

३ जुलै २०२५

कोकणातील पावसाने आपली हजेरी उपकरणांत लावली. नळीला सुमारे ११०० व्होल्ट दाब द्यावा लागतो. कालपर्यंत सेकंदाला पंचविसाच्या आसपास स्थिर असलेली मोजणी आज सकाळी चारशेच्या वर होती आणि ऑसिलोस्कोपवर म्यूऑनच्या स्वच्छ, खाली जाणाऱ्या स्पंदांऐवजी कुरतडल्यासारखे अरुंद स्पंद झुंडीने येत होते. प्रकाशगळतीचा संशय आधी आला, पण दिवे घालवून फरक पडला नाही. नळीच्या बेसचे झाकण उघडले तेव्हा आत दमट वास होता आणि रोधकांच्या मधल्या पट्टीवर ओलाव्याचा पातळ थर जमला होता. दमट पृष्ठभागावरून उच्च दाबाचा विद्युतप्रवाह झिरपत होता आणि त्या सूक्ष्म विसर्गालाच आमची यंत्रणा कण समजत होती.

काकांनी बेस हळुवार गरम हवेने वाळवला आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बसवला. जेल निळे असेपर्यंत काम चालू ठेवायचे, गुलाबी झाले की दाब उतरवून पुड्या बदलायच्या, असा नियम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून डब्याला चिकटवला आहे. दुपारी मोजणी पुन्हा पंचविसावर आली. पावसाळ्यात कण-प्रयोग चालवायचा तर भौतिकशास्त्राइतकेच लक्ष हवेच्या ओलाव्यावर ठेवावे लागते, हे कोणत्याही प्रात्यक्षिक वहीत लिहिलेले मी पाहिलेले नाही.

९ जुलै २०२५

आज उत्साहाने एक चूक केली. क्षयाच्या घटना जास्त मिळाव्यात म्हणून डिस्क्रिमिनेटरची (ठरावीक उंचीपेक्षा लहान स्पंद गाळणाऱ्या परिपथाची) उंबरठा-पातळी निम्म्यावर आणली. घटना वाढल्यासारख्या दिसल्या, पण आलेख पाहिल्यावर कळले की वाढले होते ते जवळजवळ सर्व निरुपयोगी. खोलीच्या भिंतींमधून येणारी गॅमा किरणे आता उंबरठा ओलांडू लागली होती आणि सेकंदाची मोजणी २५ वरून १०० झाली होती. पहिल्या स्पंदानंतर दुसऱ्याची वाट आम्ही २० मायक्रोसेकंद पाहतो; दोन असंबद्ध स्पंद योगायोगाने या खिडकीत पडण्याची शक्यता मोजणीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोजणी चौपट, म्हणून खोट्या जोड्या सोळापट. खरे क्षय मात्र मिनिटाला तीनच्या आसपासच राहिले, कारण म्यूऑन किती थांबतात हे ठोकळ्याच्या वस्तुमानावर ठरते, आमच्या बटणावर नाही. पातळी पूर्ववत केली.

१६ जुलै २०२५

तीन दिवस अखंड चाललेल्या चाचणीत सुमारे १३,००० क्षय मिळाले. दोन वेळा वीज गेली, पण यूपीएस टिकला. आलेख डोळ्याला सुंदर दिसतो: डावीकडे उंच, उजवीकडे उतरत जाणारा आणि शेवटी योगायोगाच्या जोड्यांच्या सपाट पायावर टेकलेला. फिट केल्यावर, म्हणजे आलेखाला जुळणारा वक्र बसवल्यावर, आयुर्मान आले १.७४ मायक्रोसेकंद.

२४ जुलै २०२५

या आठवड्याची नोंद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

१.७४ हा आकडा चुकीचा आहे हे उघड होते. आलेखाचा अगदी सुरुवातीचा भाग अपेक्षेपेक्षा उंच आहे हेही दिसत होते. म्हणून फिट थोडे उशिरापासून सुरू करून पाहिले. अर्ध्या मायक्रोसेकंदापासून सुरू केले तर १.९३, एकापासून २.०८ आणि २.२ पासून सुरू केले तर २.२० ± ०.०५. त्या संध्याकाळी आम्ही दोघी अतिशय आनंदात होतो. तक्त्यावरचा आकडा हाती आला होता, त्रुटीही दिलेली होती, अहवालाचा मसुदा लिहायला घेतला होता.

आमच्या मार्गदर्शक सरांनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला: "तुम्ही २.२ मायक्रोसेकंदांपाशीच का थांबलात?" याचे प्रामाणिक उत्तर असे होते की तिथे बरोबर उत्तर आले म्हणून. तीनपासून सुरू केले असते आणि उत्तर २.१ आले असते, तर आम्ही मागे फिरलो असतो. म्हणजे आम्ही म्यूऑनचे आयुर्मान मोजले नव्हते. तक्त्यावरील आकडा आमच्या विदेत सापडेपर्यंत शोधला होता. हे लिहिताना वाईट वाटते, पण ते जसे घडले तसे वहीत राहावे अशी माझी इच्छा आहे.

त्यानंतर खऱ्या कारणाचा शोध घेतला. नळीत शिल्लक राहिलेल्या वायूचे अणू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयनित होतात. ते धन आयन उलट दिशेने जाऊन प्रकाश-ऋणाग्रावर (प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या थरावर) आदळतात आणि मूळ स्पंदानंतर काही दशांश ते काही मायक्रोसेकंदांनी एक उत्तरस्पंद निर्माण होतो. म्यूऑन थांबलाच नसला तरी यंत्रणेला तो क्षयासारखा दिसतो. हे तपासण्यासाठी ठोकळ्यावरून नळी उतरवली, तिच्यासमोर एक एलईडी बसवली आणि प्रखर, अगदी आखूड झोत पाठवले. एलईडीचा काही क्षय होत नाही, तरीही पडद्यावर मुख्य स्पंदामागे पाऊण मायक्रोसेकंदाच्या आसपास लहान लहान स्पंदांची रांग उमटली. आमची नळी जुनी आहे. हेलियमसारखा वायू काचेतूनही हळूहळू आत शिरतो. आलेखाच्या डाव्या टोकाला दिसणारी जास्तीची उंची कुठून आली, ते अशा रीतीने स्वतंत्रपणे सिद्ध झाले.

४ ऑगस्ट २०२५

उपाय म्हणून ठोकळ्याच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन नळ्या बसवल्या आणि दोन्हींत एकाच वेळी आलेला स्पंदच ग्राह्य धरायचा असे ठरवले. ठोकळ्यातील खरा प्रकाश दोन्ही नळ्यांना एकदम दिसतो. एका नळीच्या पोटातील आयनांची दुसऱ्या नळीला काहीच कल्पना नसते. ही सहघटनेची युक्ती भौतिकशास्त्रज्ञ ब्रुनो रोसी यांनी १९३० साली निर्वात नळ्यांच्या परिपथाने प्रत्यक्षात आणली आणि तेव्हापासून कण-भौतिकीचा जवळजवळ प्रत्येक प्रयोग तिच्यावर उभा आहे. पुढे १९४३ मध्ये रोसी आणि नेरेसन यांनीच म्यूऑनचे आयुर्मान २.१५ ± ०.०७ मायक्रोसेकंद असे मोजले होते. आमच्यापेक्षा कितीतरी ओबडधोबड इलेक्ट्रॉनिक्स वापरून त्यांनी ते केले, हे या आठवड्यात फार जाणवले.

सहघटनेमुळे क्षयांची संख्या मिनिटाला सुमारे २.६ पर्यंत घटली. डाव्या टोकाची अवास्तव उंची नाहीशी झाली आहे.

१४ ऑगस्ट २०२५

आज तक्त्यावरचा आकडा पुसला. कारण भावनिक नाही. प्लास्टिकमध्ये २.१९७ हे उत्तर येणे अपेक्षितच नाही, हे आमच्या दोघींच्याही लक्षात इतके दिवस आले नव्हते.

२.१९७ मायक्रोसेकंद हे मुक्त म्यूऑनचे आयुर्मान आहे. आमच्या ठोकळ्यात धन आणि ऋण दोन्ही म्यूऑन थांबतात. धन म्यूऑन अणुकेंद्रापासून दूर राहतो आणि मुक्तासारखाच क्षय पावतो. ऋण म्यूऑन मात्र कार्बनच्या अणूत शिरतो, काही क्षणांत सर्वांत आतल्या कक्षेत उतरतो आणि तेथे त्याला दोन वाटा असतात: क्षय पावणे किंवा केंद्रातील प्रोटॉनकडून गिळले जाणे. दुसरी वाट उघडी असल्याने कार्बनमध्ये त्याचे आयुर्मान सुमारे २.०३ मायक्रोसेकंदच भरते. समुद्रसपाटीला धन म्यूऑन ऋणांपेक्षा पाव हिश्शाहून थोडे जास्त असतात. हे प्रमाण धरून आणि गिळल्या गेलेल्या म्यूऑनांमधून इलेक्ट्रॉन मिळत नाही हे लक्षात घेऊन हिशोब केला, तर आमच्या ठोकळ्यासाठी अपेक्षित सरासरी सुमारे २.१२ मायक्रोसेकंद येते.

म्हणजे जुलैत ज्या २.२० वर आम्ही खूश झालो होतो, ते उत्तर आमच्या ठोकळ्याचे नव्हतेच.

कार्बनची ही गोष्ट इतिहासातही मोलाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रोममध्ये कोनव्हर्सी, पंचिनी आणि पिच्चिओनी या भौतिकशास्त्रज्ञांनी बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी आपली उपकरणे व्हॅटिकनजवळच्या एका शाळेच्या तळघरात हलवली होती. लोखंडात ऋण म्यूऑन अपेक्षेप्रमाणे गिळले गेले, पण कार्बनमध्ये त्यांचा क्षय होताना दिसला. अणुकेंद्राला बांधून ठेवणारा म्हणून युकावा या शास्त्रज्ञांनी भाकीत केलेला कण म्हणजे म्यूऑनच असता, तर कार्बननेही त्याला तत्काळ गिळले असते. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने म्यूऑन हा वेगळाच कण असल्याचे स्पष्ट झाले. आमच्या सुमारे ०.०८ मायक्रोसेकंदांच्या फरकामागे तीच भौतिकी आहे, आणि ती दिसण्याइतकी अचूकता या खोलीत शक्य आहे.

२२ ऑगस्ट २०२५

अपेक्षित आकडा आता २.१२ झाला, पण जुना धोका तसाच आहे: आता आम्ही २.१२ शोधू. यावर मार्ग सापडला तो अमेरिकेतील फर्मिलॅबच्या म्यूऑन जी-उणे-दोन प्रयोगात, जो म्यूऑनची चुंबकीयता मोजतो. त्याचा अंतिम निकाल याच वर्षी ३ जूनला, अब्जात १२७ भाग इतक्या अचूकतेने जाहीर झाला. त्या प्रयोगात मोजणीच्या घड्याळाची नेमकी वारंवारता गटाबाहेरच्या दोन व्यक्तींनी किंचित बदलून गुप्त ठेवली होती. सर्व विश्लेषण पूर्ण झाल्यावरच ती उघड करण्यात आली. धन म्यूऑनचे आयुर्मान सर्वांत अचूक मोजणाऱ्या स्वित्झर्लंडमधील म्यूलॅन प्रयोगातही घड्याळ असेच झाकलेले होते.

आमच्या एफपीजीए बोर्डाला (वेळ मोजणाऱ्या, हवा तसा जुळवता येणाऱ्या चिपच्या बोर्डाला) बाहेरून २५ मेगाहर्ट्झचा ठोका मिळतो आणि बोर्ड तो चौपट करून दर १० नॅनोसेकंदांना एक अंक मोजतो. सरांनी आज आम्हाला बाहेर उभे केले, सिग्नल जनरेटरवर २२.५ ते २७.५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान स्वतःच्या मनाने एक वारंवारता लावली आणि पडद्यावर काळा कागद चारही बाजूंनी चिकटवला. आकडा लिहिलेली चिठ्ठी पाकिटात बंद करून काकांच्या कपाटात ठेवली आहे आणि किल्ली काकांकडे आहे. त्या तारेवर ऑसिलोस्कोप लावायचा नाही, असे आम्ही दोघींनी वहीत लिहून सही केली आहे.

उद्यापासून मुख्य मोजणी सुरू होईल.

१ सप्टेंबर २०२५

महाविद्यालय गणपतीच्या सुट्टीमुळे बंद आहे आणि कोकणात या दिवसांत घराबाहेर पडणे सोपे नाही. मी दुपारी नैवेद्य आटोपल्यावर तासाभरासाठी प्रयोगशाळेत जाऊन आले. जेल गुलाबी होऊ लागले होते, म्हणून नियमाप्रमाणे दाब उतरवून पुड्या बदलल्या आणि दाब पुन्हा सावकाश चढवला. या कामात पाऊण तासाची मोजणी गेली. बाहेर शुकशुकाट आणि आत गणकाची संथ टिकटिक. ठोकळ्यातून दर सेकंदाला दोन डझन म्यूऑन जात होते.

८ सप्टेंबर २०२५

मोजणी थांबवली. प्रत्यक्ष कामाचा काळ साडेअकरा दिवस. दोन स्पंदांच्या एकूण सुमारे ५४,००० जोड्या मिळाल्या.

विश्लेषण सुरू करताना माझ्या सहकारीच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. योगायोगाच्या जोड्यांचा सपाट पाया किती उंच असावा, हे सेकंदाच्या मोजणीवरून आणि खिडकीच्या खऱ्या लांबीवरून काढता येते. सेकंदाची मोजणी संगणकाच्या स्वतंत्र घड्याळाने होते, खिडकी मात्र झाकलेल्या घड्याळाने. म्हणजे पायाची उंची नीट तपासली, तर पाकीट न उघडताही वारंवारता एक-दोन टक्क्यांपर्यंत ओळखता येईल. हा हिशोब पाकीट उघडेपर्यंत करायचा नाही आणि नंतर तोच स्वतंत्र पडताळा म्हणून वापरायचा, असे ठरले. तिने सेकंदाच्या मोजणीची फाईल न उघडता सरांकडे पाठवली. मला या प्रकल्पातील हा सर्वांत चांगला क्षण वाटतो.

१५ सप्टेंबर २०२५

झाकलेल्या एककांत, म्हणजे ठोका २५ मेगाहर्ट्झचाच आहे असे धरून, मायक्रोसेकंदांत फिट: ०.६ पासून सुरू केल्यास २.२४२ ± ०.०१५. सुरुवात १.० पासून केल्यास २.२३८, दीडपासून २.२५१, दोनपासून २.२२९, त्रुटी अर्थातच वाढत जाते, पण उत्तर जुलैसारखे एकाच दिशेने सरकत नाही. पहिला अर्धा काळ २.२४९, दुसरा अर्धा २.२३५, प्रत्येकी ± ०.०२१. सुरुवात ०.६ हीच राहील. तिचे कारण पाकिटाबाहेरचे आहे: सहघटनेच्या परिपथाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ त्याच्या आत पूर्ण संपतो, हे पल्स जनरेटरने ऑगस्टमध्येच मोजलेले होते. यापुढे काही बदलायचे नाही, अशी नोंद करून तिघांनी सह्या केल्या.

१७ सप्टेंबर २०२५

दुपारी साडेतीनला काकांनी कपाट उघडले. पाकीट त्यांनीच फोडावे असा सरांचा आग्रह होता. चिठ्ठीवर आकडा होता २६.५७५.

२५ शी गुणोत्तर १.०६३. २.२४२ ला त्याने भागून आयुर्मान २.१०९ ± ०.०१४ मायक्रोसेकंद. अपेक्षित २.१२ पासूनचे अंतर त्रुटीच्या मर्यादेतच आहे. मुक्त म्यूऑनच्या २.१९७ पासूनचे अंतर त्रुटीच्या सहापट आहे. प्लास्टिकमध्ये थांबलेल्या ऋण म्यूऑनांना कार्बन गिळतो, हे आमच्या स्वतःच्या विदेतून दिसले.

त्यानंतर राखून ठेवलेला पडताळा घेतला. खिडकीची खरी लांबी आता १८.८१ मायक्रोसेकंद ठरते आणि सेकंदाला २४ या मोजणीवरून साडेअकरा दिवसांत योगायोगाच्या १०,७७० जोड्या अपेक्षित होत्या. फिटमधील पाया सांगतो १०,८६०, अनिश्चितता सुमारे १३०.

१८ सप्टेंबर २०२५

अहवालात २.१०९ हा आकडा "प्लास्टिक सिंटिलेटरमध्ये थांबलेल्या वैश्विक म्यूऑनांचे सरासरी आयुर्मान" म्हणूनच जाईल. धन-ऋण प्रमाण बाहेरून घेऊन त्याचे मुक्त म्यूऑनच्या आयुर्मानात रूपांतर करता आले असते, पण ते प्रमाण आम्ही मोजलेले नाही. धन आणि ऋण घटक फिटमधूनच वेगळे करण्यासाठी ०.६ नंतरचे, फिटमध्ये धरलेले ३२,००० क्षय पुरत नाहीत, २.२० आणि २.०३ हे दोन उतार एकमेकांना फार जवळचे आहेत. ॲल्युमिनियममध्ये ऋण म्यूऑनचे आयुर्मान ०.८६ मायक्रोसेकंदच असते, त्यामुळे ठोकळ्याखाली त्याच्या जाड पट्ट्या ठेवून पट्ट्यांच्या खाली दुसरा सिंटिलेटर लावला, तर दोन घटक स्पष्ट वेगळे दिसतील. दुसऱ्या सिंटिलेटरसाठी विभागाकडे अर्ज दिला आहे.

जुलैचा मसुदा फाडलेला नाही. तो आणि पाकिटातील चिठ्ठी, दोन्ही अहवालाच्या परिशिष्टात जोडली आहेत. हाय व्होल्टेज उतरवले, जेलच्या पुड्या वाळवायला काकांकडे दिल्या, सिग्नल जनरेटरवरचा कागद काढला.